वरच्या बांधीचं पाणी

तुम्ही दोघांनी मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत आणि दुकानातलं खत घालूनही त्यांची पानं पिवळी पडताहेत, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. ‘आजीला विचारा, तिची शेती होती,’ असंही ती तुम्हाला म्हणाली म्हणे. शेती होती, पण मी ती केली नाही. मी नागपुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि सुट्ट्यांत सासरच्या गावी गेले. शेतात मी एकच काम केलं. कित्येक पावसाळे मी शेताच्या बांधावर नुसती बसून राहिले. त्या बसण्याचा मला अजून कंटाळा येतो. पण माती आणि खत यांच्याबद्दल मला जे काही कळलं ते तिथेच कळलं. म्हणून तेच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही.

आमचं गाव कुही तालुक्यात. तिकडे धान, म्हणजे तांदळाचं पीक, होतं. धानाच्या पिकात पाणी उभं राहावं लागतं, म्हणून शेताचे लहान लहान सपाट तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा बांध घालतात. त्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. आमच्या बांध्या तलावाखालच्या उतारावर होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. तलावाचं पाणी आधी सगळ्यात वरच्या बांधीत यायचं. तिच्या धुऱ्याला एक तोंड कापलेलं असे, त्यातून ते खालच्या बांधीत उतरायचं, तिथून आणखी खाली, असं करत नाल्याला मिळायचं. या पाण्याचा एक नियम होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, पण गावात तो माहीत नाही असं कुणी नव्हतं. वरच्यानं खालच्याचं पाणी अडवायचं नाही. अबोला असो, मारामारी असो, कोर्टात दावा चालू असो, धुऱ्याचं तोंड उघडं पाहिजे.

माती मात्र सगळीकडे सारखी नव्हती. वरच्या बांधीची फिकट आणि रेताड, मुठीत धरली तर बोटांतून गळायची. खालच्या बांध्यांची काळी, जड, चपलेला चिकटली तर काडीनं खरवडावी लागायची.

ही वरची फिकट बांधी माझ्या सासऱ्यांनी आपल्या थोरल्या मुलीला दिली होती. तिला घरात सगळे ‘बाई’ म्हणत, मीही म्हणे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सासऱ्यांनी तिला परसाकडची एक खोली आणि ती बांधी दिली आणि म्हणाले, “आपलं पिकव, आपलं रांध.” बाईनं खोलीच्या कोपऱ्यात चूल घातली. भावाच्या घरी राहणाऱ्या विधवा बायका तिनं पाहिल्या होत्या. त्या सगळ्यांच्या मागून जेवत आणि भाजी उरली का हे विचारत नसत. बाईला दुसरं काही नको होतं, फक्त स्वतःच्या चुलीवरचा स्वतःचा भात हवा होता.

सासरे गेल्यावर शेतीचा कारभार माझ्या मोठ्या दिरांकडे गेला. त्यांना मी भाऊजी म्हणत असे. त्यांची बांधी बाईच्या बरोबर खाली. माझे यजमान नागपुरात नोकरीला, त्यामुळे आमचा संबंध वर्षाकाठी वाट्याचं धान घरी आणण्यापुरता. भाऊजी वाईट माणूस नव्हते. बहिणीला लुगडं, औषधपाणी, काही कमी केलं नाही त्यांनी. त्यांना फक्त ती वेगळी चूल सलत होती.

“सख्ख्या बहिणीले जेवू घालत नाही म्हणतात लोकं,” ते माझ्यासमोर बाईला म्हणाले होते. “मले तोंड दाखवाले जागा राहिली नाही.”

“तोंड काहून लपवतं? मी उपाशी आहे का?”

“ज्या साली उपाशी राहशीन त्या साली काय करशीन?”

“त्या साली येईन तुह्या सैपाकघरात. अन् बांधी तुले देईन.”

रागाच्या भरात ती हे बोलली आणि भाऊजींनी ते धरून ठेवलं. बांधीनं पोट भरलं तोवर तिची चूल तिची. ज्या साली दाणा मागायची वेळ येईल त्या साली बांधी भावाच्या शेतात जाईल आणि ती मोठ्या स्वयंपाकघरात. दोघांनी हे पुन्हा कधी तोंडानं काढलं नाही, पण दर दिवाळीला धान घरात आलं की दोघंही त्याच हिशेबानं ढिगाकडे बघत.

सासऱ्यांच्या काळात दर उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातला गाळ खणून बैलगाड्यांनी शेतात नेत. तो बहुतेक सगळा वरच्याच बांधीत पडायचा. तलावापासून तीच जवळ, बैल दमत नाहीत, म्हणून तिथे टाकतात, असं सगळे धरून चालत. मग साठीच्या दशकाच्या शेवटी बुटक्या धानाचं नवं बियाणं आलं आणि त्याच्याबरोबर युरियाच्या गोण्या आल्या. साखरेसारखं पांढरं खत. बायका त्यात हात घालून बघायच्या आणि हात गार पडला म्हणून हसायच्या. भाऊजींनी पहिल्या वर्षीच गाळ बंद केला.

“उन्हातान्हात गाळ वाहून मरायचं काहून?” ते म्हणाले. “दहा गाड्यांचा गाळ एका गोणीत भरून देते सरकार.”

ते खोटं नव्हतं. त्या वर्षी त्यांचं धान इतकं आलं की ठेवायला कणग्या कमी पडल्या. साहजिकच पुढच्या पावसाळ्यात बाईनंही एक गोणी आणवली. रोवणी झाल्यावर, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावून ती जीव धरू लागल्यावर, बाई पाण्यात उतरली आणि बी फेकतात तसं मुठीमुठीनं खत फेकत सगळ्या बांधीभर फिरली. आभाळ भरलेलं होतं, तलाव सांडत होता, आणि नियमाप्रमाणे धुऱ्याचं तोंड उघडं होतं.

पोळ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा बाईची बांधी होती तशीच पिवळट होती आणि भाऊजींची हिरवी नव्हे, काळी दिसत होती. आपलं खत त्यांनी घातलंच होतं, त्यात बहिणीचंही सगळं वाहून आलं. विहिरीवर बायकांना चांगला विषय मिळाला.

“बाईनं औंदा भाऊबीज पोळ्यालेच उरकली.”

“अन् ओवाळणी बी उलटी. भावानं द्याची ती बहिणीनं देल्ली.”

“तेबी गोणीभर.”

बाई घागर कमरेवर घेऊन उभी होती. “हासा,” ती म्हणाली. “तुमच्या भावाइनं कधी गोणीभर घेतली नसन.”

हसणं दिवाळीपर्यंतच टिकलं. दोन खतांवर माजलेलं भाऊजींचं धान लोंब भरायच्या आतच आडवं झालं, वर करपा आला. कापणीला बायकांना ते चिखलातून उचलून उचलून कापावं लागलं आणि निम्मे दाणे पोचट निघाले. भाऊजी धुऱ्यावर उभे राहून वर बाईकडे बघत ओरडले, “तुह्या खतानं माही बांधी खाल्ली.”

“मंग माहं खत परत दे,” बाई म्हणाली आणि कापत राहिली.

तिचं स्वतःचं धान बेताचं होतं. त्या वर्षी तिनं किती दिवस नुसत्या कण्यांची पेज खाल्ली ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही. माझ्या जावेनं, म्हणजे भाऊजींच्या बायकोनं, एकदा सुपात तांदूळ पाठवले, ते सूप बाईनं तसंच परत केलं. पण असं आणखी एक वर्ष निघणार नाही हे मलाही दिसत होतं.

नागपूरला परतल्यावर मी एका विद्यार्थिनीच्या वडिलांना गाठलं. ते शेती खात्यात होते. भल्या माणसानं मला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, खत टाकायच्या आधी बांधीतलं पाणी कमी करा, टाकल्यावर तीन-चार दिवस धुऱ्याचं तोंड बंद ठेवा, म्हणजे रोप ते ओढून घेईल. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “खत म्हणजे जेवण झालं. जेवण धरून ठेवायला पोट लागतं. तुमच्या त्या वरच्या मातीला पोट नाही. गाळ घाला, शेणखत घाला, नाहीतर जन्मभर भरवत बसाल.”

मी दोन्ही गोष्टी गावी नेल्या. पहिलीला तीन-चार दिवस लागत होते, दुसरीला बैल, गाडी आणि अख्खा उन्हाळा. लोकांनी कोणती ऐकली ते सांगायला नको.

पहिलीही सहज ऐकली गेली नाही. ओसरीवर भाऊजी, जाऊबाई, यजमान आणि मी बसलो होतो. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी धुऱ्याचं तोंड बंद करण्याचं बोलले आणि भाऊजींनी पानाचा डबा बाजूला सारला.

“पाणी अडवायचं म्हणता? आपल्या खानदानात कोणी अडवलं नाही.”

“नाही अडवलं तर तिचं खत पुन्हा तुमच्याकडे येईल, भाऊजी.”

“येऊ द्या की,” जाऊबाई म्हणाल्या. “फुकटचं आहे.”

“फुकटचं मागच्या साली आडवं पडलं,” भाऊजी म्हणाले. बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग बाईकडे न बघता म्हणाले, “खताचे दिवस तेवढे बंद कर. वर एक दिवस नाही.”

त्या श्रावणात मी शाळेत रजा टाकून गेले, कारण पाण्याचं हे प्रकरण मीच काढलं होतं. बाईनं चिखल आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून तोंड घट्ट बुजवलं, खत फेकलं, आणि आम्ही घरी येऊन जेवलो. दुपारी जाऊन बघतो तर तोंड उघडं. पाणी खळाळत खाली चाललं होतं.

बाई तशीच चिखलाच्या पायांनी भावाच्या अंगणात गेली. “तोंड फोडाचंच होतं तर हो काहून म्हटलं?”

“मी सकाळपासून कुहीले होतो,” भाऊजी म्हणाले. ते खरं होतं. अंगातला सदराही त्यांनी अजून बदलला नव्हता.

तिनं पुन्हा तोंड बुजवलं. या वेळी आम्ही मोहाच्या झाडाखाली थांबलो. थोड्या वेळानं खांद्यावर फावडं घेतलेला एक म्हातारा धुऱ्यावरून आला. आमच्या नात्याचा ना गोत्याचा, त्याचं शेत पार नाल्यापलीकडे. बुजलेलं तोंड बघून तो थबकला, जिभेनं च्‌ च्‌ केलं, फावड्याच्या दोन घावांत तोंड मोकळं केलं, त्याच पाण्यात पाय धुतले आणि निघाला.

“काका, हे काय केलं?” बाई ओरडली.

“अवं, खेकड्यानं तोंड बुजवलं होतं तुह्यं. मोकळं करून देल्लं.” आणि तो आभार ऐकायला थांबला.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कुणाचा काही डाव नव्हता. वाटेतला काटा बाजूला करावा तसं बुजलेलं तोंड उघडून द्यायचं हे त्या गावात जाता जाता करायचं पुण्य होतं. धुऱ्यावरून दिवसभरात जी जी माणसं फावडं घेऊन जातील ती सगळी बाईचं भलं करून जाणार होती. बाईनं एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली, म्हणजे लोकांना कळेल. दुसऱ्या सकाळी बघतो तर काठीच्या बुडाशी हळद-कुंकू आणि जास्वंदीचं फूल. कुणीतरी काठीला नमस्कार केला होता आणि मग तोंड उघडून दिलं होतं.

एवढं झाल्यावर बसण्याशिवाय उपाय राहिला नाही. सकाळी बाई, दुपारी मी, पुन्हा बाई. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात घेतलेली काळी छत्री, खाली पोत्याची घडी, पायाला जळवा लागू नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला चोळलेला. मी एक इंग्रजी कादंबरी नेली होती, पण तिची पानं ओलाव्यानं फुगली आणि वाचायला सवडही मिळेना, कारण येणारा प्रत्येक माणूस थांबायचा.

“मास्तरीण बाई, पाण्याले शाळेत कोंडलं का?”

“कोंडलं. चार दिवसांनी सोडू.”

“पास झालं तरच सोडजा.”

एक म्हातारी मात्र हसली नाही. तिनं विळा कमरेला खोचला आणि माझी उलटतपासणी घेतली.

“खालच्यानं हो म्हटलं का?”

“म्हटलं.”

“त्याच्या तोंडानं?”

“त्यांच्या तोंडानं. मी समोर होते.”

ती भाऊजींच्या घरापर्यंत जाऊन विचारून आली, आणि परत जाताना मला म्हणाली, “म्हटलं त्यानं. पण पाण्याले बरं नाही वाटत.”

रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी ती नुसती हात हलवून लोकांना वाटेला लावत होती. चौथ्या दिवशी तिनं धुऱ्याचं तोंड उघडलं, पाणी खाली उतरलं आणि आम्ही घरी जाऊन दिवसाढवळ्या झोपलो.

त्या वर्षी धान झालं. भरभरून नव्हे, पण वर्षभर पुरेल एवढं झालं आणि भाऊजींचं धानही उभं राहिलं. बाईची चूल तिची राहिली. इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

पण धुऱ्यावरचं बसणं हे दर वर्षाचं झालं. मी जमेल त्या वर्षी जायची, न जमेल त्या वर्षी बाई एकटी बसायची. लोकांना हळूहळू सवय झाली आणि तोंड कमी वेळा फुटू लागलं, पण एकदा तरी कुणी ना कुणी पुण्य करून जाईच. आणि दर वर्षी खत थोडं वाढवावं लागे. एका वर्षी जेवढ्यात भागलं तेवढ्यात पुढच्या वर्षी भागत नसे. पाणी ओसरलं की मातीवर पांढुरकी पापडी धरायची, पायाखाली ती काचेसारखी मोडायची. शेण चुलीत जात होतं. बैल एकेक करून विकले गेले. तरणी माणसं नागपूरला कारखान्यांत गेली. तलावातला गाळ कुणी काढत नसल्यानं तलाव उथळ होत गेला आणि दाणा भरायच्या दिवसांतच आटू लागला. हे सगळं एकाच वेळी घडलं नाही, म्हणून ते कुणी पाहिलंही नाही. आम्ही दर वर्षी फक्त तेवढ्या वर्षापुरती काळजी करत होतो.

शेती खात्यातल्या गृहस्थांची दुसरी गोष्ट मी बाईला दर उन्हाळ्यात सांगायची. दोन-तीन उन्हाळे तिनं एका मजुरणीला हाताशी घेऊन डोक्यावरच्या टोपल्यांनी गाळ वाहिलाही. मग तिची मान धरली.

“पोट टोपलीनं भरत नाही वं,” ती मला म्हणाली. “गाडी पाहिजे. अन् गाडी माही नाही.”

भाऊजींकडे ती गाडी मागणार नव्हती, आणि त्यांची माती काळी असल्यानं आपण होऊन द्यावीशी त्यांना वाटत नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका दिवाळीला मी गेले. यजमान तेव्हा निवृत्तीला आले होते आणि माझेही गुडघे बोलू लागले होते. बाईच्या खोलीत पाऊल टाकलं तर चूल सारवलेली, थंड. भांडी घासून भिंतीशी पालथी घातलेली. बाई खाटेवर बसून होती.

“काय झालं?”

“काही नाही. धान पाहिलं ना तू? होळीपर्यंत बी जात नाही ते.” तिच्या आवाजात रडं नव्हतं. “मागावं लागन. मागण्यापरीस आपणच जाऊन बसतो तिकडं. मी बोलली होती, आता निभावते. थकली मी.”

धुऱ्यावर बसून बसून मीही थकले होते. तिच्या शेजारी खाटेवर बसले.

दिवेलागणीला भाऊजी आले. त्या खोलीत ते कधी येत नसत. आत न येता उंबऱ्यावरच बसले, हातात मातीचं ढेकूळ. त्या वर्षी त्यांचंही धान बसलं होतं. पानांवर तांबूस ठिपके पडले, दुप्पट खत ओतूनही लोंब भरली नाही, हे मी येताना ऐकलं होतं. त्यांनी ढेकूळ चेपून पाहिलं. ते फुटलं आणि त्याचा भुगा झाला.

“हे माह्या बांधीतलं आहे,” ते म्हणाले. “तुह्या नाही.”

बाई खाटेवरून वाकून तो भुगा बघू लागली.

“बाबा गाळ वरच्याच बांधीत काहून टाकत होते वं?”

“गाडी तिथं आधी पोचते म्हणून.”

“तसं मले बी वाटत होतं.” त्यांनी हात झटकले. “एका जागी टाकला तरी तो तिथं राहते का? दर पावसाले थोडा थोडा खाली येते. माह्या बांधीत येते, तिच्या खालच्या बांधीत जाते. वर टाकला की उताराले पुरते. मी आपला काळ्या मातीचा मालक म्हणून मिरवत राहिलो. ते सगळं वरून येऊन राहिलं होतं. अन् मीच ते बंद केलं.”

कंदील लावायला मी उठले. भाऊजी म्हणाले, “तलाव आटला की ट्रॅक्टर लावतो. तुह्या बांधीत टाकतो.”

“टाक,” बाई म्हणाली. “अन् बांधी कोणाची?”

“तुहीच. बाबानं देल्ली ती तुहीच.”

“अन् चूल?”

त्यांनी उंबऱ्यावरचा भुगा हातानं सारला. “लोकं काय म्हणतात…”

“म्हणणारे अर्धे मेले. उरलेल्याइले दिसत नाही.”

भाऊजी हसले. मी त्यांना बहिणीसमोर हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं. “राहू दे चूल,” ते म्हणाले. उठताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. “भांडी काहून पालथी घातली सगळी?”

“घासली,” बाई म्हणाली.

मी कंदिलाची काच पुसत राहिले.

त्या वर्षी आमच्या वाट्याचं धान नागपूरला आलंच नाही. ते परसाकडच्या खोलीत राहिलं. एरवी बाईनं ते घेतलं नसतं, पण तेव्हा तिनं काही म्हटलं नाही, भाऊजींनी विचारलं नाही आणि आम्ही नागपुरात बाजारचा तांदूळ खाल्ला.

वैशाखात मी पुन्हा गेले. ट्रॅक्टर येऊन गेला होता. सगळ्या वरच्या बांधीभर काळ्या-करड्या गाळाचे ढीग पडले होते, त्यांत शिंपले, कमळाची वाळलेली देठं, एक फुटकं मडकं. ट्रॉलीवाल्यांनी ढीग टाकले आणि ते गेले; पसरायचं कुणी सांगितलं नव्हतं. बाई डोक्यावर ओला पदर घेऊन फावड्यानं ढीग ओढत होती. दोन हात मारायचे आणि फावड्यावर टेकून उभं राहायचं. मी छत्री घेऊन जवळ गेले तर म्हणाली, “सावली नको, ढेकळं फोड.” मी पायानं ढेकळं फोडत तिच्या मागून चालले. ती बरंच काही बोलेल असं मला वाटलं होतं. इतक्या वर्षांनी गाळ आला होता. पण ती नुसती ओढत राहिली.

ऊन चढल्यावर भाऊजी काठी टेकत आले आणि धुऱ्यावर बसले.

“राहू दे वं बाई. माणसं लावतो.”

“माणसं नागपूरले गेली तुही.”

“मंग उद्या कर. एवढ्या उन्हात कुठं चूल पेटवतं? आज तिकडंच जेव. वांग्याची भाजी केली आहे.”

बाईनं फावडं ढिगात रोवलं आणि पदरानं मानेचा घाम पुसला.

“भाजी पाठवून दे वाटीभर,” ती म्हणाली. “भात मी रांधून आली.”